गावाच्या प्रकृतीचे गणित

वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यात आसेगाव नावाचे गाव आहे. कापूस, तूर आणि सोयाबीन ह्यांवर पोट भरणाऱ्या आणि मृगाच्या पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या वऱ्हाडातील शेकडो गावांपैकीच ते एक. अशा गावात वर्षाकाठी पन्नास मुले जन्मास येतात असे आपण घटकाभर धरून चालू. हा आकडा हिशेबाच्या सोयीसाठी आम्ही कल्पिलेला आहे. तो शिरगणतीतला नव्हे. आता समजा, एका वर्षी त्या पन्नासांपैकी एकही मूल दगावले नाही. गावात आनंदीआनंद होतो. त्याच वर्षी नवी परिचारिका आलेली असते, तिची वाहवा होते. पारावर बसलेला कोणी म्हातारा म्हणतो की, औंदा देवीचा भंडारा यथासांग झाला त्याचे हे फळ. पुढच्या वर्षी मात्र चार मुले जातात. लगेच तीच परिचारिका नालायक ठरते, कोणी विहिरीच्या पाण्यास दोष देतो, कोणी एखाद्या गरीब विधवेच्या दृष्टीस. चार घरांतील आईबापांच्या दुःखावर ही चर्चा आणखी डागण्या देते ती निराळीच.

वस्तुतः ह्या दोन वर्षांत गावात काही बदललेच नसेल. मुळात हजारी चाळीस मुले दगावत असतील, तर पन्नासांमागे सरासरी दोन मृत्यू पडतात. परंतु सरासरी दोन याचा अर्थ दरसाल नेमके दोन असा नव्हे. संभाव्यतेचे गणित मांडून पाहिले असता असे दिसते की, हवा, पाणी, अन्न, दाई, डॉक्टर ह्यांपैकी कशातही तिळमात्र फरक न पडता, सात वर्षांतून सुमारे एका वर्षी एकही मूल जाणार नाही, आणि सात वर्षांतून सुमारे एका वर्षी चार किंवा त्याहून अधिक मुले जातील. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि आपण वर्षभर कावळ्याचा विचार करीत बसतो. याहून मौजेची गोष्ट अशी की, वाईट वर्षानंतरचे वर्ष बहुधा त्यापेक्षा बरेच असते. म्हणून चार मुले गेल्यावर गावाने जो उपाय केला असेल, मग तो अंगारा असो वा नवे औषध, त्यास पुढील वर्षी यश आलेसे दिसते. पुष्कळशा उपायांची कीर्ती ह्याच रीतीने झाली असावी असा आम्हांस दाट संशय आहे.

तर मग एखाद्या गावाच्या सुखदुःखाचे, आरोग्याचे आणि अनारोग्याचे खरे कारण ओळखावे कसे? एका घरावरून ओळखता येत नाही, एका वर्षावरून येत नाही, आणि वर दाखविल्याप्रमाणे एका गावावरूनही कष्टानेच येते. पुष्कळ माणसे मोजावी लागतात. आणि नुसती मोजून भागत नाही. ज्यांस ती गोष्ट मिळाली आणि ज्यांस मिळाली नाही, अशा दोन सारख्या समूहांची तुलना करावी लागते. ऐकावयास हे अगदी सोपे वाटते. ह्यातील 'सारख्या' हा शब्द किती कठीण आहे, हे आपल्याच इलाख्यातील एका जुन्या प्रकरणावरून कळून येईल.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. डॉ. हाफकिन ह्यांनी प्लेगची लस तयार करून १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तेथील सुमारे निम्म्या कैद्यांनी ती स्वखुषीने घेतली. टोचले त्याच दिवशी जे आजारी होते त्यांस वगळले असता, टोचलेल्यांपैकी दोघांस प्लेग झाला आणि एकही दगावला नाही. न टोचलेल्यांपैकी बाराजणांस झाला आणि सहा दगावले. कोणीही म्हणेल, लस सिद्ध झाली. परंतु चिकित्सक मनुष्य विचारील की, स्वखुषीने पुढे येणारे कैदी हे मागे राहणाऱ्यांसारखेच होते कशावरून? कदाचित पुढे आलेले अधिक धडधाकट असतील, अधिक स्वच्छ राहणारे असतील.

ही शंका फोल नव्हे, आणि हाफकिन ह्यांनाही ती दिसत असली पाहिजे. कारण १८९८ च्या आरंभी बडोदे संस्थानातील उंडेरा गावी त्यांनी निराळी युक्ती योजिली. त्यांनी घरोघर जाऊन प्रत्येक कुटुंबाचे शक्य तो दोन सारखे भाग केले, म्हणजे वय, स्त्रीपुरुष आणि प्रकृती ही दोन्हीकडे समतोल राहतील असे पाहिले, आणि एका भागास टोचले. छप्पर एक, चूल एक, उंदीरही तेच. पुढे ज्या २८ घरांत प्लेग शिरला, त्यांत टोचलेली माणसे ७१ होती. त्यांपैकी ८ आजारी पडली व ३ मेली. न टोचलेली ६४ होती. त्यांपैकी २७ आजारी पडली व २६ मेली. टोचलेल्यांतही त्याच प्रमाणात मृत्यू झाले असते तर २९ माणसे गेली असती. ह्या आकड्यांपुढे वाद घालणे कठीण आहे. एकाच घरातील निम्म्या माणसांस रक्षण देऊन निम्म्यांस न देणे हे आज कोणी करू धजणार नाही, आणि धजू नये. तथापि तुलना म्हणजे काय हे त्या २८ घरांइतके स्पष्ट दुसऱ्या कोणत्याही पुस्तकात आम्हांस आढळले नाही.

आता वऱ्हाडाच्या पूर्वेस, विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. गडचिरोली जिल्ह्यात १९८६ साली डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग ह्या दांपत्याने 'सर्च' ही संस्था काढली. डॉ. राणीबाईंनी प्रथम दोन गावांतील स्त्रियांच्या आजारांची पाहणी केली. इस्पितळात बसून आलेल्या रोग्यांची वही मांडणे हा सोपा मार्ग होता. तो सोडून त्यांनी गावातील स्त्रिया, आजारी असोत वा नसोत, तपासल्या. ६५० स्त्रियांपैकी शेकडा ९२ जणींस स्त्रीरोगांपैकी एक ना एक रोग होता, आणि त्यांपैकी शेकडा ८ जणींचीच ह्यापूर्वी कधी तशी तपासणी झालेली होती. १९८९ साली 'लॅन्सेट' ह्या विलायती वैद्यक पत्रात ही हकीकत प्रसिद्ध झाली. दवाखान्याच्या वहीवरून पाहिले असते तर त्या दोन गावांत स्त्रीरोग जवळजवळ नाहीतच असे निघाले असते. लज्जेने झाकलेले दुखणे वहीत येत नाही, हे आमच्या भगिनींस आम्ही सांगावयास पाहिजे असे नाही. अंशावरून अपूर्णांक कळत नाही, छेद पाहिजे. आणि तो छेद दवाखान्यात सापडत नाही, गावातल्या घराघरांत असतो.

ह्यानंतरचे काम नवजात बालकांचे. जन्मापासून २८ दिवसांच्या आत जी मुले जातात त्यांचे प्रमाण हजार जिवंत जन्मांमागे किती, हे पाहण्याचा प्रघात आहे. 'सर्च'ने ३९ गावे एका बाजूस घेतली आणि ४७ गावे तुलनेसाठी दुसऱ्या बाजूस. १९९३ ते १९९५ पर्यंत दोन्हीकडे नुसते मोजले. पहिल्या गटात हे प्रमाण ६२ निघाले, दुसऱ्यात ५८. म्हणजे आरंभी दोन्हीकडची दुःखस्थिती जवळजवळ सारखीच होती. किंबहुना पहिला गट किंचित अधिक दुर्दैवी. मग पहिल्या गटातील प्रत्येक गावी गावचीच एक शिकलेली स्त्री तयार करण्यात आली. तिने बाळंतपणास हजर राहावे, बाळ पुसून कोरडे करावे व उबेत ठेवावे, त्याचे वजन करावे, आईचे पहिले दूध फेकू न देता पाजावयास लावावे, आणि पुढे ठराविक दिवशी घरी जाऊन बाळ पाहावे. श्वास मोजण्यासाठी मणी सरकविण्याची एक साधी चौकटही ह्या संस्थेने तयार केली होती. ज्यांस मोठे आकडे मोजता येत नाहीत त्यांसही तीवर बाळाचा श्वास फार जलद आहे की नाही हे ओळखता येई. जंतुदोषाची लक्षणे दिसली आणि आईबापांची संमती असली, तर ही गावकरी स्त्री स्वतः इंजेक्शन देत असे. त्या काळी ह्या एका गोष्टीवर मोठ्या शहरांतील पुष्कळ डॉक्टरांनी भुवया चढविल्या होत्या.

१९९७-९८ साली पहिल्या गटातील प्रमाण २५.५ वर आले होते. दुसऱ्या गटात ते ५९.६ होते.

ह्या दोन आकड्यांपैकी अधिक मोलाचा कोणता, असे कोणी विचारले तर आम्ही दुसरा सांगू. पहिला आकडा आनंदाचा आहे खरा. परंतु नुसत्या त्यावरून काय सिद्ध होते? त्या चार-पाच वर्षांत रस्ते झाले असतील, पाऊसपाणी बरे झाले असेल, मुलींची लग्ने उशिरा होऊ लागली असतील, आणि त्यामुळेच मुले वाचली असतील. तुलनेच्या गावांतही हेच रस्ते, हाच पाऊस आणि हीच लग्ने होती, आणि तेथे मुले पूर्वीइतकीच मरत होती. म्हणून श्रेय त्या गावकरी स्त्रियांस द्यावे लागते. त्या ४७ गावांस सरकारी व्यवस्था जी होती ती होतीच, ती कोणी काढून घेतली नव्हती. तथापि तेथे जी बाळे गेली त्यांच्या नोंदी चाळताना नोंदणाऱ्यांच्या मनास काय झाले असेल, हा विचार आमच्या मनातून जात नाही. ह्या पाहणीत दोष नाही असेही नव्हे. कोणती गावे कोणत्या गटात जावी हे सोडत टाकून ठरविलेले नव्हते. पहिल्या गटातील गावे संस्थेच्या ओळखीची होती. असे असले तरी जवळजवळ ९० गावे, कित्येक वर्षे आणि एवढे मोठे अंतर, हे सारे निव्वळ ओळखीने किंवा योगायोगाने घडून आले असे म्हणणे अवघड आहे. २०११ साली भारत सरकारने घरच्या घरी नवजात बालकांची निगा राखण्याची ही पद्धत 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली. आसेगावात आज बाळंतिणीच्या घरी जी आशाताई वजनकाटा घेऊन येते, तिच्या फेऱ्यांचे मूळ त्या ३९ गावांत आहे.

ह्यावरून असे वाटेल की मोजले म्हणजे मनाजोगे उत्तर मिळतेच. तसे नाही, आणि आम्हांस ह्या शास्त्राविषयी आदर वाटतो तो बराचसा ह्याचमुळे. गर्भवतीच्या आहाराचीच गोष्ट घ्या. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत गर्भवती स्त्रियांची पाहणी केली. तेथील बाळांचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडातील साउदॅम्प्टन येथील बाळांशी ताडून पाहता आपली बाळे हलकी, हातापायांनी बारीक, परंतु अंगातील चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली. आईने एकंदर किती खाल्ले ह्याचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध आढळला नाही. पण ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध वारंवार घेत होत्या, त्यांची बाळे अधिक भरली.

आमच्या आजीबाईंना हे वाचून दाखविले असते तर त्या म्हणाल्या असत्या, ह्यात नवे ते काय? परंतु येथेच थांबावयास हवे. जिच्या ताटात रोज पालेभाजी आणि दूध असते तिच्या घरी विहीर बागायतीची असेल, गोठ्यात म्हैस असेल, सासूबाई मायाळू असतील, कामाचा रगाडा कमी असेल. बाळ भरले ते भाजीने की म्हशीच्या मागे उभ्या असलेल्या सुबत्तेने? पाहणीवरून हे सुटत नाही, कितीही चतुर गणित केले तरी पुरते सुटत नाही. ते सोडविण्याचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे सोडत. भाजी कोणास मिळावी हे सुबत्तेने न ठरता चिठ्ठीने ठरावे, म्हणजे श्रीमंत-गरीब, मायाळू-कजाग सासवा, सारे दोन्ही गटांत आपोआप सारखे वाटले जातात. ज्या गोष्टी आपण मोजल्या नाहीत आणि ज्या आपल्या ध्यानीमनीही नाहीत त्यासुद्धा.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून २००६ साली असा प्रयोग सुरू झाला. साडेसहा हजारांहून अधिक तरुण विवाहित स्त्रिया त्यात होत्या. सोडतीने निम्म्या स्त्रियांस रोज पालेभाजी, फळे व दूध घालून केलेला खाऊ मिळे, आणि उरलेल्यांस तसाच दिसणारा, परंतु बटाटा-कांद्यासारख्या साध्या भाज्यांचा. हा खाऊ गर्भ राहण्यापूर्वीपासूनच सुरू केलेला होता. २०१४ साली निकाल प्रसिद्ध झाला. सर्व स्त्रिया एकत्र घेतल्या तर बाळांच्या वजनात खात्रीने सांगता येईल असा फरक पडला नव्हता. गर्भ राहण्याआधी किमान तीन महिने ज्यांनी खाऊ खाल्ला होता, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमनी भारी होती. गरोदरपणातील मधुमेह मात्र साध्या खाऊच्या गटात शेकडा १२.४ जणींस, तर पालेभाजी-दुधाच्या गटात ७.३ जणींस आढळला.

अपेक्षा मोठी होती, फळ लहान आले. आणि ते ४८ ग्रॅमही जपून घ्यावयास हवेत, कारण एकंदरीत फरक दिसला नाही म्हणजे मग एखाद्या पोटगटात तो शोधावयाचा, ही माणसाची खोड जुनी आहे. गर्भ राहण्यापूर्वीच्या तीन महिन्यांचा विचार प्रयोग मांडतानाच केलेला होता, म्हणून त्यास काही वजन द्यावे असे आम्हांस वाटते. पण त्यावर पैज लावावी असे वाटत नाही. एवढे मात्र मनात येते की, आपण डोहाळजेवण करतो सातव्या महिन्यात. सूनबाईच्या ताटात काय पडते इकडे लक्ष देण्याची खरी वेळ कदाचित त्याच्या पुष्कळ आधी, ती घरात नवी आणि पंक्तीत शेवटची असते तेव्हाच, येऊन जात असेल.

आता पुन्हा आसेगावाकडे वळू. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा निघालेला वाशीम जिल्हा २०१८ साली केंद्र सरकारच्या 'आकांक्षित जिल्हे' ह्या यादीत घालण्यात आला. महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबाद हे त्याचे सोबती होते. आरोग्य व पोषण, शिक्षण, शेती व पाणी, पैशाचे व्यवहार व कौशल्य, आणि रस्ते-वीज वगैरे मूलभूत सोयी, अशा पाच विषयांत ४९ निरनिराळ्या मापांनी जिल्ह्यांची प्रगती मोजावयाची आणि महिन्याच्या महिन्यास त्यांचे क्रम लावावयाचे, अशी ही योजना. मोजण्याची हौस चांगलीच. परंतु एका महिन्यात वर चढलेला क्रम पाहून हारतुरे घालण्यापूर्वी, आरंभीची ती पन्नास मुले आणि सात वर्षांतले एक वर्ष आठवावे. जो जिल्हा मागल्या महिन्यात तळाशी होता तो ह्या महिन्यात थोडा वर येणारच. त्यास उत्तम अधिकारी मिळाला असला तरीही आणि नसला तरीही.

महिन्याच्या ह्या क्रमांहून अधिक विश्वासाचे साधन म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी. १९९२-९३ पासून ती वेळोवेळी होत आली आहे, आणि २०१५-१६ च्या चौथ्या फेरीपासून तिने जिल्हावार आकडे देण्यास आरंभ केला. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातील सुमारे ६ लाख ३७ हजार घरे पाहिली गेली. म्हणजे जिल्ह्यामागे सरासरीने ९०० घरे. एवढ्यावर जिल्ह्याची परीक्षा कशी होते असे पुष्कळांस वाटते. शितावरून भाताची परीक्षा करताना सुगरण कितीशी शिते दाबते? मात्र ती वरचेच शीत उचलत नाही, तळचेही पाहते. गावे आणि घरे चिठ्ठीने निवडण्याचा हेतू हाच. ह्याची मर्यादाही उघड आहे: ९०० घरांवरून वाशीम जिल्हा कळेल, आसेगाव कळणार नाही. तेथे पाहणी करणारे आले नसतील, किंवा आले असले तरी दहावीस घरांपलीकडे गेले नसतील.

गावाचे गावास कळावयाचे तर साधन एकच उरते, ते म्हणजे जन्ममृत्यूची वही. तिची अवस्था कशी असते हे २००१ साली महाराष्ट्रातील १३ संस्थांनी मिळून काढलेल्या 'कोवळी पानगळ' ह्या अहवालाने दाखविले होते. त्यांनी निवडक गावांत व वस्त्यांत दोन वर्षे प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू टिपला, आणि त्यावरून राज्यात दरसाल सुमारे पावणेदोन लाख मुले दगावत असावीत असा अंदाज काढला. सरकारी दप्तरातील संख्या तीच्या पासंगालाही पुरत नव्हती. ती मुले जन्मली आणि गेली, आणि कोणत्याच वहीत त्यांचे नाव चढले नाही.

वहीत न चढण्याचे कारण दरवेळी हयगयच असते असे नाही. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्म किंवा मृत्यू जेथे घडला तेथे २१ दिवसांच्या आत तो नोंदवावयाचा असतो. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी जाते. सासर आसेगावचे, माहेर कारंज्याकडचे, आणि बाळंतपण झाले अकोल्याच्या इस्पितळात, तर मूल अकोल्याच्या वहीत. दुर्दैवाने ते माहेरी तिसऱ्या दिवशी गेले तर मृत्यू तिसऱ्याच वहीत, आणि आसेगावच्या वहीत जन्मही नाही नि मृत्यूही नाही. गडचिरोलीस मोजणाऱ्यांनी ह्यावर उपाय म्हणून, गावच्या कार्यकर्त्याने नोंद केली असली तरी दर सहा महिन्यांनी पुन्हा घरोघर जाऊन विचारण्याचा नेम ठेवला होता. पहिल्याने वगळलेले मूल दुसऱ्यास सापडे.

आणखी एक घोटाळा. आसेगाव हे एकच नाही. ह्याच जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यात आसेगाव पेन आहे, अमरावती जिल्ह्यात आसेगाव पूर्णा आहे. जनगणनेत म्हणून प्रत्येक गावास स्वतंत्र सांकेतिक क्रमांक दिलेला असतो. पण तो क्रमांक इस्पितळाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या बाळाच्या मामास कोठून ठाऊक असणार? जन्माच्या नोंदीच्या अर्जात, बाळ कोठे जन्मले ह्यासाठी एक रकाना असतो आणि आई एरवी कोठे राहते ह्यासाठी निराळा असतो. त्या दुसऱ्या रकान्यात इस्पितळाचा किंवा माहेरचा पत्ता घालू नये, सासरच्या गावाचे नाव घालावे, आणि नुसते आसेगाव न लिहिता तालुका व जिल्हाही लिहावा.